घुमटाच्या आतून

भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर कायम हसत आले. माझं कामच जुन्या इमारतींतलं — पडके जिने, बंद खोल्या, वटवाघळं... भ्यायचं ठरवलं असतं तर हा व्यवसाय केव्हाच सुटला असता. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय. पण मागच्या हिवाळ्यापासून ते डोक्यातून जात नाही.

मी मूळची वर्ध्याकडच्या रोहण्याची, आता नागपूरला असते. जुन्या इमारतींवरच्या सोन्याच्या मुलाम्याची दुरुस्ती करते. वर्धा जिल्ह्यातल्याच एका गावात इंग्रजांच्या काळातली कचेरी आहे. नाव मुद्दाम देत नाही, तिथे आजही सरकारी ऑफिस चालतं. छपरावर तांब्याच्या पत्र्याचा घुमट, वर पितळी कळस. मुलामा उडून घुमट काळाहिरवा पडला होता, तो पुन्हा सोनेरी करायचं काम माझ्याकडे आलं. मदतीला कारंज्याचे विनोदभाऊ, पत्र्याच्या कामातले जुने कारागीर.

सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की श्वासानेही उडतो. त्यामुळे घुमटाभोवती परांची बांधून ताडपत्री लावली होती आणि आम्ही दोघंही तोंडाला मास्क बांधून, एक शब्द न बोलता काम करायचो. आधी तांब्यावर चिकट थर द्यायचा, तो जरा आवळला की ब्रशने वर्ख बसवायचा. उशीर झाला तर थर सुकतो, दिवस वाया.

वर्ख लावायला सुरुवात केली आणि आतून आवाज आला. टक्... टक्...

पत्रा उन्हात तापला की वाजतो, हे मला माहीत होतं. लक्ष दिलं नाही. पण मी डावीकडे सरकले की आवाजही डावीकडे. मी थांबले की तोही बंद. शेवटी ब्रशच्या दांड्याने हळूच टकटक केलं... आणि माझ्या तळहाताखालीच उत्तर आलं. पत्रा थरथरलेला मला स्पष्ट जाणवला.

जेवताना मी विचारलं, "विनोदभाऊ, तुमाले आतून काई आयकू येऊन राह्यलं का?"

"नाई ताई." त्यांनी डब्यातून मान वर केली नाही. "तुमी काम करा बाप्पा."

पुढचे काही दिवस माझं कशातच चित्त लागेना. झोपताना कानात टकटक, गाडी चालवताना टकटक. एक वर्ख धड बसेना. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. कान उत्तम होते.

मग तो दिवस उजाडला. भर दुपार, वाऱ्याची झुळूक नाही. खाली आवारात लोकांची वर्दळ सुरू होती. आम्ही कळसाच्या लगेच खालच्या फळीवर शेजारी शेजारी बसलो होतो, थर नुकताच तयार झाला होता. आणि आतून ठोकणं सुरू झालं — पण टकटक नव्हे. दोन्ही हातांनी बंद दार बडवावं तसं. मला वाटलं, आत माणूस अडकलाय!

मी मास्क ओढून काढला. "खाली चला, आत कोणीतरी हाये!"

एरवी थर सुकायच्या भीतीने पाणी प्यायलाही न उठणारे विनोदभाऊ माझ्याआधी शिडीवर होते.

घुमटात शिरायला माळ्यावरून एक छोटं दार आहे. चपराशी शेंडेकाकांनी कुलूप काढलं. "इथं कोन येईन ताई? चाबी तं मायाजवळच राह्यते," ते पुटपुटले. मी टॉर्च मारला. आत कोणी नव्हतं. जमिनीवर धुळीचा जाड थर, त्यावर पाखराच्या पायाचीही खूण नाही.

आम्ही दारातच उभे होतो तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर असा दणका बसला की अख्खा घुमट घंटेसारखा घुमला. आम्ही धावत बाहेर आलो.

वरचा कळस कोसळला होता. आम्ही बसलो होतो ती फळी मधोमध मोडून लोंबत होती.

कळसाच्या आतला लोखंडी गज गंजला होता, असं इंजिनिअरसाहेबांनी नंतर सांगितलं. गज तुटताना कुरकुरला असेल, पत्र्यातून तो आवाज घुमला असेल... मलाही ते पटवून घ्यायचं होतं. जवळजवळ पटलंही होतं.

काम संपवून परतताना हायवेवरच्या ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो. विनोदभाऊ कपातला चहा फुंकत होते. मग म्हणाले, "ताई, मी तुमाले खोटं सांगतलं. मलेही आयकू येत होतं, पयल्या दिवसापासून."

"मंग तवाच काऊन नाई बोलले? ठोकण्याचा आवाज ना?"

"ठोकणं नाई आयकलं मी कदी." त्यांनी कप खाली ठेवला. "आतून कोनी तरी बोले. रोज म्हने, 'विनोदभाऊ, खाली उतरा.' त्या दिवशी तं वरडूनच राह्यलं होतं."

"कोण होतं?"



"तुमचाच आवाज होता, ताई. आन् तुमी तं माया बाजूले बसल्या होत्या... तोंड बांधून."

इंजिनिअरसाहेबांचं स्पष्टीकरण मी विनोदभाऊंना सांगून पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्या घुमटात कधी बोलले नव्हते. तरीही माझा आवाज माझ्याआधी तिथे होता, एवढंच मला माहीत आहे.