तोंड स्वच्छ करून या

मिसरी न लावता दिवस सुरू करणारी बाई माझ्या सासरी मी अजून पाहिलेली नाही. सासर म्हसवडच्या अलीकडचं, माण तालुक्यातलं, माहेर सांगलीचं. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, कुटून चाळून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या अंगणात उकिडवं बसून बोटानं हिरड्यांवर घासायची. याला तिकडं कुणी व्यसन म्हणत नाही. ते तोंड धुणं. माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणते, तिच्या हातची मिसरी आख्खी आळी मागून न्यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं माझ्यापुढंही डबी धरली होती. मी नाक मुरडलं तर म्हणाली, "आगं बया, सांगलीची हाय न्हवं, पांढऱ्या फेसावर वाढल्याली!"

या आक्काच्या गालाला आतून जखम झाली होती आणि ती भरून येत नव्हती. मला कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत, भाकरीबरोबरचा ठेचा तिनं बाजूला सारला तेव्हा. "दात लागतुया," म्हणाली. दात कसला लागतोय! मी सांगलीत ज्या संस्थेत काम करते तिथं कॅन्सरच्या तपासण्यांचंच काम चालतं. भरून न येणारी जखम म्हणजे काय असू शकतं, ते मी तिथं रोज बघते. चला सांगलीला म्हणून मी हातापाया पडले, चिडले, रडलेसुद्धा. दीर म्हणाले, "माजं तरी ऐकती व्हय ती?" शेवटी तिनं एवढंच कबूल केलं, "हितं गावात डाक्टर आला तर दावीन. सांगलीला न्हाई याची."

म्हणून मी आमचं गाव संस्थेच्या गावोगावच्या तपासणीच्या पहिल्या टप्प्यात घातलं. स्वार्थ होता, आणि त्याची मला तसूभरही लाज वाटत नाही.

पैसे एका कंपनीचे होते. 'गावाच्या भागीदारीतून तपासणी' असं त्या योजनेचं भारदस्त नाव. म्हणजे बचत गटानं बायका गोळा करायच्या, पंचायतीनं जागा द्यायची, कंपनीनं गाडीचा आणि डॉक्टरांचा खर्च करायचा. मी प्रस्तावात आणखी एक गोष्ट मागितली होती. जिच्या तोंडात काही सापडेल तिचं सांगलीला येणं-जाणं, आणि तिच्या सोबतीच्या माणसाची राहायची सोय. मंजुरी आली तेव्हा नेमकं तेवढंच उडालेलं. मी फोन केला. कंपनीचे साहेब म्हणाले, "आपला निधी तपासणीसाठी आहे मॅडम. प्रवासासाठी नाही."

सांगलीतल्या बाईला हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर असतं. आमच्या बाईनं एसट्या बदलायच्या, रोजगार बुडवायचा, जनावरं कुणाच्या तरी गळ्यात घालायची आणि रात्री कुठं टेकायचं याची चिंता करत बसायचं. तपासणी दोघींची सारखीच करा हो, पण पुढं जगायची एकच, मरायची दुसरी. हे मी त्यांना असंच सांगितलं. ते म्हणाले, "भावनिक होऊ नका." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला गाडी हवी होती. आहे त्यावरच कामाला लागले.

शिबिराच्या आदल्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरबाईंचा निरोप आला की बायकांना तोंड स्वच्छ करून यायला सांगा. सरपंचांनी तो देवळाच्या भोंग्यावरून दोनदोनदा पुकारला. सकाळी शाळेच्या वर्गात टेबल मांडलं, टॉर्च आला, हातमोजे आले. ते साहेबही खास बघायला आले आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. बायका तर वेळेआधीच हजर, ठेवणीतली लुगडी नेसून. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या म्हातारीनं आ केला आणि डॉक्टरबाई मागंच सरल्या. आत सगळा काळा लेप. दुसरीचं तसंच, तिसरीचंही तेच. तोंड स्वच्छ करून या म्हटल्यावर गावानं रोजच्यापेक्षा जास्त मन लावून मिसरी घासली होती.

"अहो, यात मला काय दिसणार?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "सगळ्यांना परत पाठवा. तोंड घासून या म्हणावं, नाहीतर मी आवरते."

"आनि किती घासू?" म्हातारी फणकारली. "दोन डाव लावून आलीया!"

एक पोरगी खुदकन हसली, पण बाकीच्यांचे चेहरे पडले. "आमी घाण हाय व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि पाठीमागच्या दोघी चपला शोधायला लागल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. आक्का दारातच उभी होती आणि तिचीही मान फाटकाकडं वळली होती.

"कुणी हलायचं नाही!" मी असा काही आवाज लावला की शेजारच्या वर्गातली पोरं चिडीचूप झाली. "डॉक्टरांना मिसरी काय ठाऊक? त्यांचं तोंड धुणं वेगळं, आपलं वेगळं. चुकलं कुणाचंच नाही. चला, मागच्या पिंपाशी चला, चूळ भरा." हळूहळू बायका शाळेमागं गेल्या. काळं पाणी गटारात पडायला लागलं.

आक्का मात्र पायरीवर बसून राहिली.

"आक्का, उठा. चूळ भरा."

"भरते की. पर आदी त्या सायबास्नी इचार, घावलं तर म्होरं काय?"

नेमकं तेच तर मंजुरीतून उडालं होतं. मी वर्गातल्या साहेबांकडं बघितलं.

"डोळ्यांची गाडी आल्याली ठाव हाय न्हवं?" आक्का आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. "चिठ्ठ्या दिल्या आन गेली. चिठ्ठी घिऊन कोन मिरजंला गेलं? आपली सासू आंधळीच मेली. मला ठाव हाय माज्या तोंडात काय हाय. त्येनी बगून सांगायचं, आन मी काय करायचं? ठाव हुऊन मरायचं?"

बायका चुळा तोंडात तशाच धरून थांबल्या. मग एकेक करून येऊन व्हरांड्यात बसल्या, आक्काच्या भोवती. कुणी आत जाईना.

साहेब उठून आले. "हे आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही," म्हणाले.

"मग कुणाच्या येतं?" माझा संयम संपला होता. "भागीदारी म्हणता ना? हे तुमचे भागीदार बसलेत समोर. उत्तर द्या त्यांना!"

तेवढ्यात डॉक्टरबाई टॉर्च बंद करून बाहेर आल्या. मला वाटलं, निघाल्या. तर त्या साहेबांनाच म्हणाल्या, "मलाही ऐकू दे. मी नुसतं सांगायचं आणि गाडीत बसायचं का?"

साहेब रेंज मिळवायला फाटकापाशी गेले. फोन संपता संपेना. ते नाही म्हणाले की बायका घरी, आणि आक्का घरी गेली की ती पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नव्हती, हे मला लख्ख दिसत होतं. मी देवाचं नाव घेत होते आणि साहेबांना मनातल्या मनात शिव्याही घालत होते.

ते परत आले. "या गावापुरतं, या वर्षापुरतं. प्रवास आणि सोबतीची सोय करू. पुढचं आढावा बैठकीत."

मी आक्काकडं बघितलं. ती हललीच नाही. "सायेब," म्हणाली, "भोंग्यावरनं सांगा."

साहेबांना वाटलं चेष्टा आहे. पण आमच्या गावात जे भोंग्यावर बोललं जातं त्यातून मागं फिरता येत नाही; देव ऐकतो आणि वरची आळीही ऐकते. सरपंच त्यांना घेऊन देवळात गेले. जरा वेळानं त्यांचा शहरी आवाज खरखरत आख्ख्या शिवारावरून फिरला. तेव्हा कुठं आक्का उठली, पिंपाशी गेली आणि चूळ भरली. काळ्या पाण्यात लाल रेघा होत्या. मी दुसरीकडं बघितलं.

तिचं तोंड बोटभरच उघडत होतं. डॉक्टरबाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं, मान चाचपली, मग मोजे काढून तिचा हात हातात घेतला. "मावशी, उशीर झालाय, पण फार नाही. लगेच निघायचं."

आक्कानं मला विचारलं, "तू हाईस न्हवं संगं?" "आहे की," मी म्हटलं आणि तिचा पदर सारखा केला.

ऑपरेशन झालं. गालाचा आणि जबड्याचा काही भाग गेला, बोलणं जड झालं. पण ती उठली, घरी आली, मऊ भात कालवून खायला लागली. गावात त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तसलं काही निघालं नाही. मिसरी मात्र बऱ्याच घरांत अजून भाजली जाते. ते एका शिबिरानं सुटत नाही.

काही महिन्यांनी सांगलीत आढावा बैठक झाली. गटाच्या वतीनं कुणीतरी हवं होतं. आक्का म्हणाली, मी येते. पदर तोंडावर घट्ट धरून माझ्या शेजारी बसली. मुख्य कार्यालयातून आणखी मोठे साहेब आले होते. पुढच्या गावांचे पैसे त्यांच्या हातात होते. भिंतीवरचे आकडे बघत ते म्हणाले, "गाडी, डॉक्टर, वर प्रवास, मुक्काम. एवढा खर्च करून सापडल्या किती? एकच?"

मी ताडकन उठणार होते. आक्कानं माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि स्वतः काहीतरी बोलली. साहेबांना ते कळलं नाही. "काय म्हणतायत त्या?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं नाही. आक्कानं पदर खाली घेतला, चेहरा सगळ्यांना दिसू दिला आणि एकेक शब्द जुळवत पुन्हा म्हणाली,

"ती येक... मी हाय."