मीनलच्या आतड्यावर नजर ठेवणाऱ्या शमीमआपा

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना माझ्या धाकट्या बहिणीचा, मीनलचा, फोन आला. "दादा, शमीमआपा गेल्या..."  मी हातातलं काम टाकून तिच्याकडे निघालो. मीनल आज आपल्यात आहे ती ज्या माणसांमुळे, त्यांत आपांचं नाव आम्ही आधी घेतो.

आपा मूळच्या चिपळूणच्या, दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या डॉक्टर. मीनलला रक्ताचा कर्करोग झाला आणि माझ्या मूळपेशी तिला जुळल्या. प्रत्यारोपण नीट पार पडलं, उपचारांसाठी दिल्लीत मुनिरक्याला घेतलेल्या खोलीवर मी पेढेही आणून ठेवले, आणि काही आठवड्यांतच तिचं पोट बिघडलं. गुडघे पोटाशी घेऊन ती दिवसभर कण्हत पडायची. हा जंतुसंसर्ग असेल, नाहीतर माझ्याच पेशी तिच्या आतड्यावर उलटल्या असतील, असं डॉक्टर म्हणत. एकावरचं औषध दुसऱ्यात जीव घेऊ शकत होतं. प्लेटलेट इतक्या कमी, की आतड्याचा तुकडा काढून तपासायचीही सोय नव्हती.

तेव्हा आपा सोनोग्राफीचं मशीन ढकलत खोलीत आल्या. आमची कुजबुज ऐकून म्हणाल्या, "अच्छा, आपलीच माणसं की! मग आता रडायचं ते मराठीतच." एकदा पाहून रिपोर्ट लिहिणं त्यांना पटत नसे. त्या रोज यायच्या, आतड्याची भिंत किती जाड झाली, तिच्यात रक्त किती धावतंय, हे कालच्या चित्राशी ताडून बघायच्या. भिंत जाड होतच चालली होती.

मोठ्या डॉक्टरांना अजून थांबायचं होतं. आपा त्यांना कॉरिडॉरमध्ये शांतपणे म्हणाल्या, "सर, मैं बीमारी का नाम नहीं बता रही. खतरा बता रही हूँ. यह लड़की इंतज़ार नहीं कर सकती." डॉक्टरांनी खोलीत येऊन पडद्यावरची चित्रं पुन्हा पाहिली... आणि त्याच दुपारी उलटलेल्या पेशींना दाबणारं स्टेरॉइड सुरू झालं.

मी आपांना गाठून विचारलं, "आपा, माझ्याच पेशी तिला मारतायत का?"

"त्याच तिचं रक्तही बनवतायत, बाळा. त्यांना जरा आवरायचंय, एवढंच."

भिंतीची सूज हळूहळू उतरली. मीनलने भाताची पेज मागितली त्या दिवशी आपा खुर्चीत बसून खळखळून हसल्या. पुढे दर ईदला आम्ही त्यांच्याकडे जात असू. मीनलने शीरखुर्मा दुसऱ्यांदा मागून घेतला की त्यांचा चेहरा खुलायचा.

परवा मीनलला तपासणीसाठी त्याच हॉस्पिटलातल्या सोनोग्राफीच्या खोलीत घेऊन गेलो. आपांच्या जागी नवी डॉक्टर होती. मशीनशेजारी गरम पाण्याचं स्टीलचं भांडं होतं आणि त्यात जेलीची बाटली उभी होती. मी तिकडे पाहतोय हे बघून सिस्टर म्हणाली, "आपा ने शुरू किया था. दुखते पेट पर ठंडी जेली उनसे देखी नहीं जाती थी."

डॉक्टरने जेली लावली. मीनलने डोळे मिटून घेतले.

"दादा," ती हळूच म्हणाली, "कोमट आहे रे."