सागाला पानं आली आणि लिंक गेली

आमच्या साहेबांनी सर्व्हे केला तो ऐन वैशाखात. सुरतेहून डोंगरातल्या त्या गावी गेलो, साहेबांनी नदीपलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "शाळेच्या छतावरनं टाकी दिसते ना? मग टॉवर कशाला? एक पाइप, एक डिश, झालं काम." इंटरनेट स्वस्तात पोचवायचं होतं, मलाही पटलं. मधल्या टेकडीवरचा साग तेव्हा उघडाबोडका होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. श्रावणापर्यंत सागाला सुपाएवढी पानं आली, टाकी त्यांच्याआड गेली आणि लिंक गेली.

"उन्हाळ्यात बघून पावसाळ्याचं नेटवर्क! वा रे इंजिनियर!" भर पावसात त्या छतावर उभी राहून मी एकटीच बडबडत होते.

खाली वर्गात एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा सुरतेला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. मशीनची वाफ त्याच्या तोंडावर आली, ही बातमी दुधाच्या गाडीबरोबर गावात पोचली आणि मागोमाग नदी कॉजवेवरून वाहायला लागली; ती आणि दुरुस्तीला आलेली मी, दोघी अलीकडेच अडकलो. गावात मोबाइलची रेंज मुळातच नाही. आज त्याचं ऑपरेशन. त्याआधी एकदा त्याला बघायचंय, एवढंच तिचं म्हणणं. मी सुरतेतल्याच भेस्तानची, वडील कापडाच्या लूमवर कामाला. मिलमध्ये भाजलेली माणसं मी लहानपणापासून बघितलीत. 

साग तोडायला जंगलखातं देत नाही. म्हणजे डिशच उंच न्यायची. शाळेच्या सरांनी बांबू आणला, आम्ही तो पाइपला तारेने आवळला. शेवाळावरून पाय सरकत होते. पलीकडे टाकीवर बसलेला माझा सहकारी वॉकीटॉकीवर ओरडत होता, "थोडं डावीकडे... गेलं! अगं, परत आण!"

"अरे, वाऱ्याला सांग ना!" मी खेकसले.

"इकडे माझ्या मोबाइलवर दवाखान्यातून फोन होता. त्याला न्यायला स्ट्रेचर आलंय."

 सरांनी बांबूला मिठी मारली, मी डिश फिरवली.

"थांब! हलू नका कुणी! मिळालं!"

सरांना तसंच धरायला सांगून मी खाली धावले. टॅबवर व्हिडिओ कॉल लागला, चित्र आलं. नुसतं पांढरं बँडेज, डोळ्यांपुरती फट, तोंडात नळी. म्हातारी चवताळून माझ्याकडे वळली. "हा कोण? माझा पोरगा दाखव!"

"तोच आहे, मावशी."

"खोटं बोलतेस." तिची बोली आमच्या घरच्या अहिराणीच्या नात्यातलीच, शब्द न् शब्द कळत होता. मला रडू फुटलं. वरून सर ओरडले, "लवकर करा, बेन! हात भरून आले!"

तेवढ्यात चादरीखालून एक हात वर आला. मनगटापर्यंत निळा, नखांच्या कडा काळ्या. म्हातारी टॅबवर वाकली.

"तोच गं," ती म्हणाली. "दिवाळीला येतो तेव्हा मी राखेने घासून देते. तरी जात नाही मेला रंग."

स्ट्रेचर हललं. हात दिसेनासा झाला, तरी ती अंगठ्याने काच घासतच होती.