चिमणाबाईची ढाल

जोतीराम मास्तरांना थाप म्हणून खपत नसे. शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात कुणी मनचं एक वाक्य घातलं, की त्याचा कान पिळून लाल केलाच म्हणून समजा! रिटायर झाल्यावर घरात करमेना, तसे ते कोल्हापुरातल्या एका वस्तुसंग्रहालयात फुकट गाईड झाले. त्याला सहा वर्षं झाली. काचेला कुणी बोट लावलं, की मास्तर खेकसलेच.

पण माणूसच तो, चुकतो की. एकदा सहलीची पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा मास्तरांनी पोचा पडलेल्या एका ढालीला जरा फोडणी दिली. म्हणाले, "चिमणाबाई नावाच्या बाईनं ही ढाल घेऊन एकटीनं घाट अडवला. हा पोचा त्याच दिवसाचा." पोरं चिडीचूप. झालं, चटक लागली. दर सहलीला चिमणाबाई लढू लागली. खरं तर चिमणाबाई ही मास्तरांची आई. जन्मभर म्हशी राखल्या बिचारीनं. ऐन वेळी दुसरं नाव सुचलं नाही, एवढंच.

परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून महिन्याभरानं मास्तर आले आणि ढालीपुढं थिजलेच. खाली नवी कोरी पाटी: 'वीर चिमणाबाईची ढाल', आणि त्याखाली घाट अडवल्याची सगळी हकीकत. ऑफिसातली अंतरा हसून म्हणाली, "मास्तर, तुमचंच बोलणं रेकॉर्ड करून लिहिलं. तुमच्याएवढं खरं कोण सांगणार?"

मास्तर पाटी काढा म्हणणार, तोच चंदगडकडची दहा-बारा माणसं आत शिरली. पुढं नऊवारीतली म्हातारी बायडाबाई, हातात नारळ आणि ओटीचं सामान.

"पावणं, ही बाई आमच्याच घाटातली, आमच्याच घराण्यातली. नातवानं मोबाईलवर पाटी दावली. देव्हाऱ्यात तिचा चांदीचा टाक बी बसवला की!"

टाक? आपल्या थापेचा टाक? अरे देवा! आता गप्प बसलो तर जन्मभराच्या मास्तरकीवर बोळा फिरला. सगळ्यांदेखत मास्तर बोलले, "आक्का, हात जोडतो. अशी बाई झालीच न्हाई. मी रचलंय सगळं. चिमणाबाई माझ्या आईचं नाव. म्हशी राखायची ती."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. बायडाबाईनं मास्तरांना खालवर न्याहाळलं.

"एवढी मोठी पाटी खोटी आणि तुम्ही खरं व्हय? गाव कंचं तुमचं?"

"कोल्हापूरच."

"मग आमच्या घाटातलं तुम्हास्नी काय म्हाईत? म्हातारपणी थापा मारताय? लाज न्हाई वाटत?"

असं म्हणून तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि काचेवर ठसठशीत टेकवलं.

मास्तरांचा हात तेवढा वर गेला, आणि स्वतःचाच कान धरून ते तिथं उभे राहिले.