डोंगरातली पोपटी

आधी एक सांगून टाकते, मला कॅम्पिंग अजिबात आवडत नाही. चांगलं छप्पर असलेलं घर सोडायचं, पैसे भरायचे आणि दगडांवर कापड अंथरून झोपायचं, यात कसलं आलंय सुख? लहानपणी वालाच्या राखणीला शेतावर झोपायचो आम्ही, आणि तेही फुकटात. पण अमेरिकेत राहायचं म्हटलं की वर्षातून एकदा तंबू ठोकावाच लागतो, नाहीतर सोमवारी ऑफिसात बोलायला विषय उरत नाही. त्या वर्षी मात्र डोंगरात जाऊ या म्हणून मीच नवऱ्याच्या मागे लागले होते. माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी.

आई गेल्यावर मी आबांना तिकडे घेऊन गेले होते. पनवेलजवळचं आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. घर पडलं, शेत भरावाखाली गेलं, मागचा डोंगरसुद्धा सुरुंग लावून सपाट केला. उलव्याला मोबदल्यात मिळालेल्या जागेवर बिल्डरची इमारत चढत होती, आणि तोवर आबा भाड्याच्या खोलीत एकटेच. मी त्यांची एकुलती एक. घेऊन गेले नसते तर काय केलं असतं? पण तिकडे आल्यापासून रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांचं एकच.

"बाय, मना घरी कवा सोडतंस?"

"कुठलं घर, आबा? घर राहिलंय का आता?"

"घर नाय, पण जागा तं हाय."

"जागेवर विमानं उतरणार आहेत."

"मग उतरूं दे. मी कडेला बसंन."

रोजचं भांडण होतं हे. मी चिडायची, ते हट्टाने पुन्हा तेच म्हणायचे, आणि माझा मुलगा बिचारा शाळेचं दप्तर घेऊन दोघांच्या मधे उभा. आबांचा हट्ट काही नवा नव्हता म्हणा. जमीन मोजायला पहिल्यांदा सरकारी माणसं आली, तेव्हा आबा बांधावर आडवे झोपले होते. "आधी माज्यावरून टेप न्या," म्हणाले. साहेब हात जोडून परत गेला होता. सगळ्या गावाने ते पाहिलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं तो किस्सा लग्नाच्या मांडवात रंगवून सांगितला जायचा. शेवटी जमीन गेली ती गेलीच. पण आबा कुणापुढे वाकले नव्हते.

मला एवढंच हवं होतं की त्यांनी माझ्याकडे राहावं, आणि राहायचं तर आबा म्हणूनच राहावं. तिकडे एकदा जरी ते पोटभर हसले तर रुळतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आणि आबांना हसवायचं तर पोपटी लावायला हवी, हे आमच्या गावात कुणीही सांगितलं असतं.

थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतात पोपटी लागते. मडक्यात ओव्यासारख्या वासाचा भांबुर्ड्याचा रानपाला घालायचा, त्यावर शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाली का नाही, ते आत डोकावून कळत नाही. वरून मडक्यावर पाणी शिंपडायचं आणि चुर्र वाजतं कसं ते ऐकायचं. ते ऐकायचा मान आबांचा. तांब्या हातात घेऊन ते कान देऊन उभे राहिले की सगळी गँग गप्प.

आमच्याबरोबर नागपूरचं एक जोडपं होतं, नवऱ्याचे जुने मित्र, आणि त्यांच्या दोन मुली. त्यांनी पोपटीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. "आमच्याकडे हुरडा असते," मित्र म्हणाला. मी म्हटलं, "हुरडा तुमचा तुमच्याकडे ठेवा, आता आगरी माणसाच्या हातचं खा."

सामानाची मात्र दैना होती. शेंगा मिळाल्या त्या फ्रोजन, सुरती पापडी. भांबुर्डा कुठला मिळायला? म्हणून कोबीच्या पानांना ओवा चोळला. पेंढा शेतीसामानाच्या दुकानातून गठ्ठाच्या गठ्ठा गाडीत कोंबून आणला. आणि मडकं म्हणून झाडं लावायची मातीची कुंडी.

आबांनी कुंडी हातात घेऊन टिचकी मारली. उलटी करून बघितली.

"याला भोक हाय."

"ते झाडाचं पाणी जायला असतं, आबा. कणीक लावून बुजवते."

"बुजव. मी म्हनतो, कोंबडी पन झाडाला बांधून ठेव, नाय तं भोकातून पलून जायची."

मुली खो खो हसल्या. आणि मग आबा जे सुटले! बाह्या वर केल्या, माझ्या मुलाला काटक्या गोळा करायला पिटाळलं, नागपूरच्या मित्राला कोबी कसा लावतात यावरून झापलं. "अरे, अंथरून घालतोस काय? गच्च भर, गच्च!" मित्राच्या बायकोने सगळं व्हिडिओत घेतलं. कॅम्पच्या जागेवर शेकोटीसाठी लोखंडी कडं होतं, पण त्यात कुंडी मावेना, आणि पोपटी कधी कड्यात लावतात का? आबांनी पलीकडे मोकळ्या जमिनीवर जागा निवडली, दगड बाजूला केले, कुंडी पालथी घातली आणि पेंढा रचला. संध्याकाळ व्हायला आली होती. समोर तो अवाढव्य डोंगर, आणि त्याच्यापुढे माझा बाप कमरेवर हात ठेवून उभा. मला काय वाटलं सांगू? वाटलं, जिंकले मी. राहतोय आता हा माणूस.

पेंढा भडकला. ओव्याचा वास सुटला. आबांनी तांब्याऐवजी स्टीलचा मग घेतला आणि कान द्यायला पुढे झाले, तेवढ्यात हिरवी गाडी येऊन थांबली.

वनखात्याची तरुण मुलगी होती, गणवेशातली. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. जंगल कोरडं आहे, कड्याबाहेर आग चालत नाही, फलकावर लिहिलेलं आहे, असं तिने शांतपणे सांगितलं. तिचं सगळं बरोबरच होतं. फलक आम्ही वाचला होता, कॅम्पफायरला परवानगी आहे म्हणून खूशही झालो होतो. पोपटी म्हणजे कॅम्पफायर नव्हे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या डोक्यात शेत होतं.

नवरा बोलत होता, मित्र बोलत होता. मी आबांकडे बघितलं. हातातला स्टीलचा मग खाली ठेवून त्यांनी हात जोडले होते. कमरेतून वाकले होते. त्या मुलीपुढे, जी त्यांच्या नातीच्या वयाची होती.

"साहेब, चुकी झाली. पोरांचा काय नाय. माजी चुकी. पोरांना काय करू नका."

तिला मराठी कुठून कळणार? पण जोडलेले हात तिला कळले, ती ओशाळली, "इट्स ओके सर, इट्स ओके" म्हणाली. मग तिने गाडीतून पाण्याचे कॅन काढले आणि पेंढ्यावर ओतले. तापलेली कुंडी फट्‌ करून दुभंगली. कच्ची कोंबडी आणि कोबी राखेत पडला. मी आबांना दंडाला धरून सरळ करायला गेले. "वाकू नका ना आबा, सरळ उभे राहा!" मी अक्षरशः ओरडले. ते सरळ झालेच नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी ब्रेड खाल्ला. मुलींनी आबांना गाणं म्हणायचा आग्रह केला. आबा म्हणाले, "चालतं काय हितं गानी बोललेली?"

घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला आणि नेहमीच्या भांडणाची वाट बघत उभी राहिले. आबांनी चहा प्यायला, कप विसळून ठेवला. "घरी कवा सोडतंस" आलंच नाही. आठवडा गेला, महिना गेला, नाही म्हणजे नाही. शेवटी मीच विचारलं, "आबा, राहणार ना इथे?"

"तू सांगशील तसा."

हेच ऐकायला मी देव पाण्यात घालून बसले होते ना? आणि ऐकलं, तर रोजचं भांडणच बरं होतं असं झालं. कारण त्यानंतर सगळंच "तू सांगशील तसा" झालं. टीव्ही लावू का. अंगणात बसू का. दार उघडू का. गाडीचा आवाज आला की खिडकीपासून मागे सरायचे. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले वय आहे, विसरायला लागतील. मी म्हटलं, विसरू दे की, पण नेमकं तेवढंच कसं लक्षात राहतं?

तीन हिवाळे तिकडे काढले. मग नवऱ्याला आणि मुलाला मागे ठेवून, लांबलचक रजा टाकून मी आबांना पनवेलला आणलं. उलव्याची इमारत उभी राहिली होती. चुलत भावाने हौसेने खिडकी उघडून दाखवली. "काका, ह्या बघा समोर, आपला शेत हितंच व्हता." आबांनी बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "खिरकी बंद करू काय?"

तरी माझी आशा काही सुटेना. वेडी आहे मी. भावाचा पळस्प्याच्या पुढे एक तुकडा शिल्लक आहे, त्यात त्याने वाल पेरला होता. म्हटलं, इथली माती, खरं मडकं, खरा भांबुर्डा. इथे तरी आबा परत येतील. भावाने सगळं साग्रसंगीत केलं. दिवस कलला, पेंढा पेटला, पाल्याचा तो वास आला आणि माझे डोळे भरले. माणसं गोळा झाली होती, त्या बांधाचा किस्सा पुन्हा निघाला, सगळे आबांकडे कौतुकाने बघत होते. आबा खुर्चीवर बसून आगीकडे बघत होते, एकटक.

भावाने तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. "काका, तुमीच सांगा आता. झाली काय?"

सगळे गप्प झाले. आबा उठले. कुणी न सांगता उठले, मी हुरळूनच गेले. मडक्याजवळ गेले, वाकले. मीही कान दिला.

त्यांनी तांब्या उपडा केला, सगळाच्या सगळा, आगीवर. मग बादलीकडे वळले, तीही ओतली. धूर उठला, मडकं तडकलं. कुणाला काही कळेना. आबांनी पायाने पेंढा विझवला, वळले, आणि भावापुढे, सगळ्यांपुढे, कमरेतून वाकून हात जोडले.

"इजवली साहेब. पोरांना काय करू नका."