घोळीवरची अंडी

कोलकात्यात, बागबाजारच्या आमच्या भाड्याच्या घरात, गच्चीतल्या एका कुंडीत घोळ आपोआप उगवली होती. भाजीपुरती वाढली म्हणून मी खुडायला गेले, तर माझी सात वर्षांची लेक किंचाळली, "आई, थांब!" पानांच्या मागे फुलपाखराची अंडी होती. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे तिच्या मैत्रिणी सुटल्या होत्या, इथे अजून कुणी मिळालं नव्हतं. मी भाजीचा बेत सोडला.

निम्म्या अंड्यांतून अळ्या निघाल्या. उरलेली तशीच राहिली आणि काळी पडली. माझा राग मुळातच नाकावर; त्यात नवं घर लावून मी कावले होते आणि कुणावर तरी ओरडायला निमित्तच हवं होतं. "तूच हात लावला असशील," मी म्हटलं. "नाही लावला," ती म्हणाली. "खरं बोल, खरं बोल" असा मी इतका धोशा लावला की शेवटी रडत रडत ती "हो" म्हणाली. तेव्हा कुठे मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे फुलपाखरं निघाली. तळमजल्यावरच्या बंगाली मावशी, म्हणजे मासीमा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या; त्या मुद्दाम बघायला आल्या.

"सगळ्या माद्याच की!" त्या हिंदीत म्हणाल्या. "अंडी निम्मीच फुटली असतील ना?"

"हो," मी म्हटलं.

"काही फुलपाखरांच्या शरीरात एक जीवाणू राहतो. आईकडून तो अंड्यात उतरतो. पुढच्या पिढीत त्याला मादीच नेते, नराचा त्याला काही उपयोग नाही. म्हणून तो नरांना अंड्यातच मारतो. इथेही तेच झालेलं दिसतंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीही पोटच्या पोरीला.

मासीमा गेल्यावर मी लेकीला मांडीवर घेतलं आणि जीवाणूची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "चुकलं माझं. तू हात लावलाच नव्हतास."

तिला नवलच वाटलं.

"लावला होता ना मी," ती म्हणाली. "तूच तर बोलली होती."