मामाच्या मेंढ्याचे केस

मी कराडला घरी बसून टॅबलेटवर चित्रं काढते. आटपाडीकडच्या माझ्या मामाला एवढंच ठाऊक, की भाची काचेवर रंग लावते. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. "आपल्या मेंढ्याचा वाढदिवस हाय. चौकात फ्लेक्स लावायचाय. फोटू काढाय गेलं की गडी मान हलवतोय. तूच काढ."

तीन दिवस खपून मी मेंढा काढला. माझ्याकडे केसांचा तयार ब्रश होता. एक फटकारा मारला की शे-दीडशे केस उगवायचे. अंगभर उगवले. खूश होऊन मी टॅबलेटसकट एसटीत बसले.

मामानं चष्मा पुसून बराच वेळ चित्र पाहिलं. "लय भारी. पण ह्यो मेंढा न्हवं, सतरंजी हाय."

"अरे मामा, एकेक केस दिसतोय! ह्या ब्रशच्या एका फटकाऱ्यात शे-दीडशे उगवतात!"

"तेच की. सगळे एकाच बाजूला चालल्यात, कवायतीला निघाल्यागत. चल इकडं."

शेडमध्ये नेऊन त्यानं माझा हात मेंढ्याच्या नाकावर ठेवला. "आता डोळं मीट."

नाकावरचे केस आखूड, मऊ, आणि चक्क वर कपाळाकडे निघालेले. कपाळावर एक भोवरा. तिथून मानेवर उतार, खांद्याशी वळण, पोटाखाली विरळ, गुडघ्याशी एकदम राठ. इतकी वर्षं मी जनावरं रंगवत होते आणि एकालाही कधी हात लावला नव्हता! मला स्वतःचीच लाज वाटली.

तिथंच बादली पालथी घालून बसले. आधी नुसती सावली, मग केसांचे झुबके, आणि सुटे केस फक्त उजेड पडतो तिथं. तेवढ्यात मेंढ्यानं मान लांब करून स्क्रीन चाटली. कानापासून शेपटीपर्यंत तपकिरी पट्टा!

"गेलं का गं सगळं?" मामा घाबरला. मी अन्डू केलं. पट्टा नाहीसा झालेला बघून त्याला इतकी मजा वाटली, की त्यानं मला ते आणखी दोनदा करायला लावलं.

"मामा, हा फाटका कान नीट करू का?"

"अजाबात न्हाई. टकरीत फाटलाय. हाय तसाच पायजे."

संध्याकाळी चित्र झालं. मामानं बोटानं स्क्रीनवरची मान हळूच खाजवली. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मग त्यानं इकडंतिकडं बघून टोपी काढली. डोकं तुळतुळीत. "फ्लेक्सवर शेजारी माझा फोटू येणार हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यो तुझा पयला ब्रश हाय न्हवं अजून? शे-दीडशेचा?"

मी दोन फटकारे मारले. फ्लेक्स लागला त्या दिवशी मामी चौकात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेंढा लय झ्याक आलाय," ती म्हणाली. "पण त्याच्याजवळ हे जावळ न काढलेलं बाळ कुणाचं?"